आप्पांनी निवडलेली पैठणी कशी जपू?

आमचे आप्पा, म्हणजे आजोबा, लक्ष्मी रोडवर साडीच्या दुकानात होते. गिऱ्हाइकापुढे पदर उलटून म्हणायचे, "मागूनही बघा ताई, धागे लोंबत नाहीत. येवल्याची आहे, हातमागाची!" गेल्या महिन्यात ते गेले. आईच्या लग्नासाठी त्यांनीच निवडलेली पैठणी आता माझ्याकडे आली आहे. तिचं जरीकाम काळं पडू नये म्हणून काय करू?

प्रतिसाद १: मऊ सुती कापडात गुंडाळा, प्लास्टिक नको. डांबरगोळ्या जरीला लागू देऊ नका. दोन-तीन महिन्यांनी घडी बदला, नाहीतर रेशीम घडीवरच चिरतं. आणि नेसा हो ती!

प्रतिसाद २: अत्तर आधी लावा, साडी नंतर नेसा. माझ्या सासूबाईही पदर उलटूनच बघतात. दुकानातल्या अशाच जाणत्या माणसांनी शिकवलंय.

मूळ प्रश्नकर्ती: आभार! आजच घडी बदलते. चुलतबहिणीच्या लग्नात हीच नेसणार.