बीएमएक्सचे पार्ट स्वतः बनवायचे की तैवानहून मागवून त्यावर नाव मारायचं?

भोसरीचा_पेगवाला:
वाद घालायलाच धागा काढलाय त्यामुळे गोडगोड बोलू नका. माझं भोसरीत छोटं वर्कशॉप आहे, दोन लेथ, एक सेकंडहँड व्हीएमसी (कॉम्प्युटरवर चालणारं मिलिंग मशीन), एक पोरगा नि मी. दिवसभर गाड्यांच्या पार्टांचं जॉबवर्क चालतं, पोट त्यावर, आणि संध्याकाळी सातनंतर बीएमएक्सचे, म्हणजे रेस नि कसरतीच्या वीस इंची सायकलीचे पार्ट, सध्या पेग (एक्सलला लावायची नळी, तिच्यावर कठड्यावरून घासत जातात) आणि गार्डवालं २५ दाती चेनव्हील (पेडलजवळचं दातेरी चाक). आता ओळखीतले सगळे मागे लागलेत की कशाला हाताला ग्रीस लावतोस, तैवानातल्या तायचुंगचा कॅटलॉग उघड, हँडल, स्टेम, हब, सीट जे पाहिजे ते निवड, लेझरने स्वतःचं नाव मारून घे, सहा महिन्यांत पूर्ण रेंज उभी.

माझं मत सरळ आहे, जी कंपनी एकही पार्ट स्वतः कापत नाही ती पार्टची कंपनी नाही, ते स्टिकरचं दुकान आहे. माझं चेनव्हील मला पाचशेच्या आत पडतं, १,८५० ला विकतो, बाहेरचं ब्रँडेड त्याच्या दुपटीच्या वर जातं. मग मी का मागवू? बोला.

दादरचा_इम्पोर्टर:
बोलतो. आधी एक सांग, कठड्यावर पेग टाकून घासत जाणाऱ्या पोराने कधी तुला विचारलंय का की हे कुठल्या मशीनवर कापलं? तो बघतो वजन, रंग, आणि त्याचा आवडता रायडर काय लावतो ते.

तू ज्याला स्टिकरचं दुकान म्हणतोस ना त्यातच अख्खा धंदा उभा आहे. एस अँड एम बाइक्स घे, कॅलिफोर्निया, १९८७, स्कॉट आणि मोएलर अशी दोन पोरं, नावातली दोन अक्षरं त्यांचीच. पुढे मोएलर एकटाच राहिला. त्यांच्या फ्रेम अमेरिकेत बनतात म्हणून तुझ्यासारखे लोक त्यांची आरती करतात, पण त्याच माणसाच्या फिट कंपनीच्या तयार सायकली तैवानात बनतात. म्हणजे ज्याला वेल्डिंग कळतं, ज्याची स्वतःची फॅक्टरी आहे, त्यालाही कळलंय की सगळं घरी करून भागत नाही. आणि इंग्लंडचा जॉर्ज फ्रेंच? जी-स्पोर्टवाला. हब आणि रिममध्ये त्याचं डोकं जेवढं चाललंय तेवढं कमी जणांचं चाललं असेल, शेवटी ओडिसी कंपनीबरोबर गेला, डिझाइन त्याचं, बनवणं दुसऱ्यांचं. त्याला स्टिकरवाला म्हणणार का तू?

शिरोली_टर्नर:
मी बीएमएक्स चालवत नाही, वय ५८, पण लोखंडाशी ३६ वर्षं झटतोय म्हणून दोन शब्द. पोरा तू पेग बनवतोस ते ठीक हाय, पेग म्हणजे काय, ४१३० स्टीलची नळी, एका बाजूला ताट, त्याला १४ एमएमचं भोक, वर नायलॉनची बाही. चुकलं तर पेग वाकेल, पोरगं खरचटेल. पण हे हँडल, चिमटा (पुढचं चाक धरतो तो फोर्क), क्रँक (पेडल लागतात ते हात) यांच्या नादाला लागू नको भावा. हँडल तुटलं की दात जातात, आणि चिमटा तुटला तर दातावर थांबत नाही.

क्रँकच्या दांड्याला ते ४८ स्प्लाइन, म्हणजे खाचा असतात ना, ते कापणं एक वेळ जमेल, पण नंतर हीट ट्रीटमेंटला किती वाकतो ते विचार. वाकला की सरळ करायला प्रेसवर घेणार, तिथंच चीर जाणार, आणि ती चीर डोळ्याला दिसत नाही. म्हणून तुझं 'सगळं स्वतः करणार' हे पटत नाही, आणि दादरच्या साहेबांचं 'कोण बघतंय कुठं कापलं' हे तर अजिबात पटत नाही.

नाशिक_सीए_ताई:
मला सायकलीतलं काही कळत नाही, भाचा चालवतो म्हणून हा धागा उघडला, पण "पाचशेच्या आत पडतं" हे वाक्य वाचलं आणि राहवेना. पेगवाले दादा, त्या पाचशेत काय काय धरलंय?

भोसरीचा_पेगवाला:
ताई, अ‍ॅल्युमिनियम ३४० चं, अ‍ॅनोडायझिंग ९०, टूल झिजतं त्याचे ६०. झाले ४९०.

नाशिक_सीए_ताई:
आणि व्हीएमसी फुकट चालतं का? तेच मशीन जॉबवर्कला तासाला किती घेतं?

भोसरीचा_पेगवाला:
सहाशे. पण ते संध्याकाळी रिकामंच असतं ना.

नाशिक_सीए_ताई:
रिकामं असतं म्हणून फुकट नसतं दादा, लाइट बिल आहे, हप्ता आहे, नि तो पोरगा थांबतो त्याचा ओव्हरटाइम आहे. एक नग किती वेळ घेतो, किती बनवले, किती गेले, खरं सांगा. इथं कोणी इन्कम टॅक्सवाला नाही.

भोसरीचा_पेगवाला:
३५ मिनिटं. २०० बनवले. १४ महिन्यांत ६१ गेले.

नाशिक_सीए_ताई:
मग हे घ्या. माल ३४०, मशीन ३५०, अ‍ॅनोडायझिंग ९०, टूल ६०, हाताने कडा घासायचे ५० धरते, झाले ८९०. पॅकिंग कुरिअर १२०, म्हणजे १,०१०. सायकल आणि पार्टवरचा जीएसटी सप्टेंबर २०२५ पासून १२ चा ५ टक्के झाला ते चांगलंच झालं, पण तुमच्या १,८५० मधून तो काढला की हातात १,७६२. नगामागे साडेसातशे सुटले, गुणिले ६१, साधारण ४६ हजार, १४ महिन्यांत. महिन्याला सव्वातीन हजार. आणि १३९ नग मांडणीवर पडलेत, त्यात सव्वा लाख अडकलाय. शिवाय अ‍ॅल्युमिनियम तुम्ही १८ टक्के भरून आणता आणि विकता ५ ने, त्या फरकाचा रिफंड मिळतो पण अर्ज कोणी करायचा, तुम्ही केलाय का? नाहीच केला असणार.

आता कोणी म्हणेल मग तैवानहून आणा. तर तिथेही हेच, फक्त आकडा मोठा. ते २०० नाही, पाचशे नग घ्यायला लावतील, पैसे आधी.

दादरचा_इम्पोर्टर:
ताईंनी आमचं काम केलं :) पण शेवटचं वाक्य अर्धंच खरं आहे. पाचशेची अट असते, मान्य, पण मी चार दुकानदार मिळून एक लॉट उचलतो.

खरी डोकेदुखी मापांची आहे, त्याबद्दल इथे कोणी बोललंच नाही. बीबी घ्या, म्हणजे क्रँकचा दांडा फिरतो ते फ्रेममधलं बेअरिंग, त्याचे प्रकार अमेरिकन, युरो, मिड, स्पॅनिश. मिडचं बेअरिंग ४१.२ एमएम, स्पॅनिशचं ३७. क्रँकचा दांडा १९, २२ नाहीतर २४. मागचा एक्सल १४, पुढचा १०. एवढ्याशा वीस इंची सायकलीला इतकी मापं, नि गिऱ्हाइकाला स्वतःच्या सायकलीचं माप माहीत नसतं, फोटो पाठवतो, फोटोत फक्त चिखल. छोट्या कंपनीला हे सगळं साठवणं झेपत नाही. कापून तर नाहीच नाही. १३९ चेनव्हील पडलीत ना, त्यातली किती १९ च्या भोकाची आहेत ते बघ.

भोसरीचा_पेगवाला:
भोक १५/१६ इंची ठेवलंय, सोबत १९ आणि २२ चे बुश देतो. एवढं कळतं मला.

ताई तुमचा हिशोब बरोबर आहे, रात्री बायकोलाही दाखवला, ती म्हणाली मी हेच दोन वर्षं सांगतेय. तरी माझं मत बदललेलं नाही आणि का ते सांगतो. प्रोफाइल रेसिंग माहितीय? फ्लोरिडात, सेंट पीटर्सबर्ग. १९६८ ला सुरू झाली तेव्हा रेसिंगच्या मोटारींच्या चासी नि नळ्यांचं काम करायची, बीएमएक्सचा संबंधच नव्हता, कारण तेव्हा बीएमएक्सच धड जन्माला आलं नव्हतं, कॅलिफोर्नियातली पोरं मोटोक्रॉसची नक्कल करत मातीत सायकली उडवायला लागली ती सत्तरच्या दशकात. मग पुढे यांनी नळीचे क्रँक काढले नि आज इतक्या वर्षांनी पण क्रँक आणि हब तिथेच, स्वतःच्या मशीनवर. मोटारीच्या कामातून सायकलीत आलेला माणूस, अहो हे भोसरीच झालं की!

एडिसन_न्यूजर्सी:
इथे माझा मुलगा शनिवारी रेसला जातो, मी ट्रॅकच्या कडेला वडापाव घेऊन बसतो, त्यामुळे या कंपन्यांची नावं नाइलाजाने पाठ झालीत. पेगवाले, प्रोफाइलचं उदाहरण तुमच्या विरोधात जातं. त्यांच्याकडे मशीन आणि कारागिरी आधीच होती आणि ज्या देशात विकायचं त्याच देशात हजारो पोरं ट्रॅकवर होती. तुमच्याकडे पहिलं आहे, दुसरं कुठाय? २००८ ला बीजिंगमध्ये रेसिंग ऑलिंपिकला आलं, टोकियोत फ्रीस्टाइल आलं, पण त्याने तुमचं चेनव्हील खपलं का?

आणि दुसरी बाजू पण बघा. एफबीएम नावाची कंपनी होती, आमच्या शेजारच्या न्यूयॉर्क राज्यातली, स्वतःचं शॉप, स्वतः वेल्डिंग, वर दुसऱ्या ब्रँडच्या पण फ्रेम बनवून द्यायचे, म्हणजे तुमच्यासारखंच जॉबवर्क. लोकांचं प्रेम एवढं की विचारू नका. बंद पडली. प्रेमाने स्टीलचं बिल भरलं जात नाही.

उलट ओडिसीचे चिमटे तैवानी, वेल्डिंगनंतर पूर्ण हीट ट्रीट करतात, नि तुटला वाकला तर आयुष्यभर वॉरंटी. तुमच्या भोसरीतून एवढ्या छातीठोकपणे लिहून देता येईल का?

शिरोली_टर्नर:
न्यूजर्सीवाले बरोबर बोलले. तैवान म्हणजे स्वस्त माल हे डोक्यातून काढा, त्यांचं भट्टीचं काम आपल्यापेक्षा शिस्तीचं हाय, लॉटला लॉट जुळतो. आपल्याकडं कारागीर भारी पण सोमवारचा नग नि शनिवारचा नग भाऊबंद असतात, जुळे नसतात.

कोथरूडची_रायडर:
काका दादा सगळे भांडताय छान, पण सायकल चालवणारी इथे मी एकटीच दिसतेय. मला मेड इन कुठे याने खरंच फरक पडत नाही आणि वॉरंटी आयुष्यभराची असली तरी मला काय उपयोग, तुटलेला पार्ट मी बाहेर पाठवणार, तिकडून बोट निघणार, तोपर्यंत माझी परीक्षा होऊन निकाल लागलेला असेल. मागच्या पावसाळ्यात माझ्या मागच्या हबचा ड्रायव्हर, म्हणजे चेन बसते ते छोटं दातेरी चाक, गेला, ९ दाती, छोटासा तुकडा, नऊ आठवडे सायकल गॅलरीत उभी, आईने त्यावर टॉवेल वाळत घातले.

आणि पेग मी याच दादांचे वापरते, एक सांगू का, पहिल्या जोडीची बाही दोन महिन्यांत फाटली. मेसेज केला, दुसऱ्या दिवशी जाऊन बदलून आणली, वर जाड करून दिली. हे दादरहून मिळणार नाही नि तायचुंगहून तर नाहीच. पण दादा तुम्ही उगाच 'आम्ही कापतो आम्ही कापतो' करता, आम्हाला त्याचं काही नाही, आम्हाला तुम्ही जवळ आहात याचं आहे.

दादरचा_इम्पोर्टर:
रायडर ताई, तुम्ही पैसे देऊन घेता म्हणून तुम्हाला हे बोलायचा हक्क आहे. बाकीच्यांचं विचारू नका. मी रेंज आणली तेव्हा पहिल्या महिन्यात ऑर्डर आल्या अकरा नि 'भाई स्पॉन्सर कर ना' असे मेसेज आले चाळीस. तीन पोरांना फुकट सामान दिलं, एकाने व्हिडिओ टाकला तो पण माझं नाव कापून, दुसऱ्याने सामान विकलं. या धंद्यात गिऱ्हाईक कमी आणि टीम रायडर जास्त, हे एक वाक्य पेगवाल्याने मशीनवर लिहून ठेवावं.

भोसरीचा_पेगवाला:
हे मात्र लाखात एक बोललास.

बाकी वॉरंटीचं विचारलंत ते टोचलं, कारण माझं एक प्रकरण झालंय ते सांगतो. दोन वर्षांपूर्वी मी एक्सलचे बोल्ट बनवले होते, चांगलं स्टील, कडक केलेले, वर प्लेटिंग करून घेतलं, चकचकीत. लावले, घट्ट केले, नि दुसऱ्या दिवशी सकाळी तीन बोल्टांची डोकी सुटून जमिनीवर. कोणी चालवली पण नव्हती सायकल. मला वाटलं स्टीलच भेसळीचं दिलं, त्याच्याशी भांडून आलो.

शिरोली_टर्नर:
अरे देवा. प्लेटिंगनंतर भाजले नव्हतेस ना? कडक स्टीलला प्लेटिंग करताना हायड्रोजन आत शिरतो, तो लगेच दोनशे डिग्रीच्या आसपास काही तास ठेवून बाहेर काढायला लागतो. नाहीतर ताण बसला की बसल्या जागी तुटतं. स्टीलवाल्याची माफी माग जाऊन.

भोसरीचा_पेगवाला:
मागितली काका, पेढे घेऊन गेलो होतो. सगळे १२० बोल्ट भंगारात घातले. म्हणून तर म्हणतो, कॅटलॉगमधून मागवले असते नि तुटले असते तर मला आजपर्यंत कळलं नसतं का तुटले. बनवतो म्हणून कळतं.

एडिसन_न्यूजर्सी:
तुम्हाला कळलं हे ठीक, पण १२० बोल्टांची फी भरून. तायचुंगवाल्याने ती फी तीस वर्षांपूर्वीच भरलीय, तुम्ही मागवता तेव्हा ते शिक्षण किमतीत येतं. मी माझ्या मतावर ठाम आहे.

नाशिक_सीए_ताई:
मला एकच विचारायचंय, पेगचा हिशोब पण चेनव्हीलसारखाच आहे का?

भोसरीचा_पेगवाला:
नाही ताई, पेग जातात. लेथवर बारा मिनिटं, झिजतात त्यामुळे गिऱ्हाईक परत येतं. चेनव्हील एकदा घेतलं की पोरगं कॉलेज संपेपर्यंत बदलत नाही.

नाशिक_सीए_ताई:
मग चेनव्हील का बनवताय??

भोसरीचा_पेगवाला:
दिसायला भारी दिसतं म्हणून. खरं ते बोललो.

दादरचा_इम्पोर्टर:
चला एक तरी खरं बोलला. ऐक, वाद चालू राहू दे, मला पेगच्या ४० जोड्या लागतील. तैवानच्या पेगच्या बाह्या माझ्याकडे संपल्यात, पुढची बोट कधी येईल ते बोटीलाच माहीत. ६५० ला देतोस का जोडी?

भोसरीचा_पेगवाला:
७२०. बाही जाड वाली, १४ चं भोक आणि सोबत १० चे बुश. पण डब्यावर नाव माझं राहणार, तुझं लेझर चालणार नाही.

दादरचा_इम्पोर्टर:
नाव ठेव बाबा. बुश सैल आले तर मात्र चाळीसच्या चाळीस परत.

नाशिक_सीए_ताई:
आणि उधारी किती दिवसांची?