बऱ्याच वर्षांनी पुन्हा शिलाई मशीनवर बसलेल्यांनी इकडे या

रानजाई:
सोसायटी रिडेव्हलपमेंटला गेली. नौपाड्यातलं घर रिकामं करून तात्पुरतं कासारवडवलीला भाड्याने जायचं, तेव्हा सामान निम्मं करा असा घरून हुकूम. भंगारवाला आला, आणि त्याची नजर पहिली आईच्या पायमशीनवर. लोखंडी स्टँडचा भाव किलोवर सांगायला लागला. मी म्हटलं, हे नाही. का नाही ते मला तेव्हा धड सांगता आलं नसतं. मुलगी शाळेत जायला लागल्यापासून त्यावर कोणी बसलंच नव्हतं. वर सेट टॉप बॉक्स, आत जुनी बिलं.

टेम्पोवाल्याने कुरकुरत का होईना आणून दिलं. मेकॅनिकने चामड्याचा पट्टा बदलला, शटल काढून साफ केलं, तेल घातलं. आधी उशांचे अभ्रे, मग नवऱ्याचे घरातले लेंगे (त्याला चालतं काहीही). शेवटी धीर करून जुना नीट बसणारा एक कुर्ता अख्खा उसवला, त्याचे तुकडे इस्त्री करून पेपरवर उतरवले आणि त्यावरून नवा बेतला. मुंढ्यात (बाही जोडतो तिथे) ताणत नाही, छातीला सैल नाही, आणि लांबी मला हवी तेवढी. माझी उंची पाच फूट, रेडिमेड कुर्ते मला नेहमी गाऊनसारखे!

तो ऑफिसला घालून गेले. कोणी काही विचारलंच नाही. म्हणजे दुकानातला वाटला. याचा आनंद मानायचा की दुःख ते कळेना, म्हणून हा धागा. तुम्ही परत सुरू केलंत का? काय शिवलंत, काय अडलं, सगळं लिहा.

चिऊकाकू:
आनंद मान गं. "घरी शिवलास का?" असं कोणी विचारलं की समजायचं गळा फसलाय.

गवतीचहा:
कासारवडवलीत कुठे? आम्ही पण तिकडेच. मेट्रोच्या खांबांखालून रोज ठाणे स्टेशन. मी तर घोडबंदरच्या ट्रॅफिकमध्ये बसमध्ये बसून हूक लावते, हातशिलाई करते. मानपाड्यापासून कापूरबावडीपर्यंत एका ब्लाऊजची पुढची पट्टी होते. बाजूच्या बायका आधी बघायच्या, आता एकीने मलाच तिचा फॉल लावायला दिलाय. नाही म्हणता आलं नाही 🙈

पक्या_कळवा:
बाबा टेलर होते, कळव्याला छोटं दुकान. मी ऐरोलीला आयटीत. दुकान बंद झालं तेव्हा मशीन घरी आली, पण मी हात लावला नव्हता. वर्क फ्रॉम होममध्ये मीटिंग म्यूट करून पॅन्टींच्या बॉटम शिवायला लागलो, तिथून सुरू.

मुंढ्याचं रानजाईंनी लिहिलंय म्हणून सांगतो. हात वर होत नाही म्हणून लोक मुंढा आणखी खोल करतात. बाबा चिडायचे यावर. उलटं असतं. मुंढा काखेच्या जितका जवळ तितका हात मोकळा. रेडिमेडवाले खोल ठेवतात कारण एकच साईज सतरा अंगांना बसवायची असते. लोकलमध्ये वरची कडी धरली की अख्खा कुर्ता वर येतो ना, तो त्यामुळेच. आणि पुढचा मुंढा मागच्यापेक्षा थोडा जास्त कोरायचा, नाहीतर पुढे चुण्या पडतात.

रानजाई:
@पक्या_कळवा हे कोणीच कधी सांगितलं नाही! क्लासच्या बाईंनी नुसतं "छातीचा सहावा भाग" पाठ करून घेतलं होतं.

पक्या_कळवा:
तो हिशोब सुरुवातीला ठीक. नंतर माणूस बघून कापायचं. खांदे उतरते असले की हिशोब गेला खड्ड्यात.

दुपारची_झोप:
मस्त धागा. निवांत लिहिते, कुकर लावलाय.

बेलापूरची_बेबी:
मी लॉकडाऊनवाली. २०२० ला मशीन मागवली, तीन थरांचे मास्क शिवले, बिल्डिंगभर वाटले. इलॅस्टिक मिळेना तेव्हा जुन्या लेगिंग्जचं काढून लावलं होतं, कोणाला सांगू नका. मग मशीन जी माळ्यावर गेली ती मुलीच्या गॅदरिंगला खाली आली. कोळी डान्स होता. भाड्याचा ड्रेस तिच्या कमरेवरून घसरत होता आणि त्याला कसलासा वास. माझ्या जुन्या साडीचं शिवलं सगळं. आता ती घरात तेच घालून फिरते.

अडलं काय: खालच्या बाजूला दोऱ्याचा हा एवढा गुंता. बॉबिनचं (खालच्या दोऱ्याच्या रिळाचं) टेन्शन, म्हणजे दोऱ्याचा ताण, फिरवून फिरवून कंटाळले. काय करू?

पक्या_कळवा:
बॉबिन केसचा स्क्रू पहिला होता तिथे न्या. खाली गुंता झाला की दोष बहुतेक वेळा वरच्या दोऱ्याचा असतो. फुटी (सुईखाली कापड दाबून धरते ती) वर उचला आणि मग दोरा पहिल्यापासून ओवा. फुटी खाली असली की टेन्शनच्या चकत्या मिटलेल्या असतात, दोरा आत बसतच नाही.

बेलापूरची_बेबी:
अहो झालं!!! दादा तुम्हाला दंडवत. एवढ्यासाठी मेकॅनिकला बोलावणार होते.

चिंध्यावाली:
मी धागा कालपासून वाचतेय, लिहू की नको करत होते.

आम्ही कोपरखैरण्याला माथाडी वसाहतीत वाढलो. पप्पा मार्केटला, आई घरी शिवायची. ब्लाऊज, परकर, शाळेचे युनिफॉर्म. एका खोलीत मशीन दाराशी, कारण उजेड तिथेच. जूनमध्ये युनिफॉर्मची गर्दी, आई रात्री उशिरापर्यंत टीप घालत बसायची आणि आम्ही त्या आवाजात झोपायचो. माझं काम म्हणजे हूक, काज आणि खाली पडलेल्या चिंध्या वेचणं. वर्गातल्या मुलींचे ब्लाऊज, फ्रॉक आमच्या घरी यायचे, त्यांच्या आया पैशासाठी घासाघीस करायच्या आणि दुसऱ्या दिवशी मी त्याच मुलीच्या बाकावर. मी ठरवलं होतं, या मशीनला जन्मात हात लावणार नाही. नोकरी लागल्यावर सगळं विकत घेतलं. शर्टाचं तुटलेलं बटणसुद्धा लाँड्रीवाल्याकडून लावून घ्यायचे.

मग पाय मोडून घरी बसले. आई माझ्याकडे घणसोलीला राहायला आली आणि येताना बॅगेत कातर, खडू, टेप. म्हणाली माझा हात बसत नाही गं रिकामा. तिने हातमशीन आणायला लावली. तिची नजर आता कमी झालीय, सुईत दोरा मी ओवून द्यायचे. एक दिवस तिने माझ्याच जुन्या कॉटन साडीचा कुर्ता बेतला आणि कापलेलं कापड माझ्या मांडीवर टाकलं. टीप तू घाल. मला येतंय हे मलाच माहीत नव्हतं. हाताला सगळं येत होतं. लहानपणी नुसतं बघून.

आता पाय बरा आहे, मी शनिवारी शिवते. कोणाच्या घाईचं नाही, कोणाच्या मापाचं नाही, हे फार वेगळं वाटतं. आई कपडा हातात आला की आधी उलटा करते. आतली बाजू बघते. बाहेरून कितीही चांगला दिसू दे, आतले दोरे लोंबत असतील तर परत देते. तिने अजून एकदाही छान म्हटलेलं नाहीये. काल फक्त "बरं आहे" म्हणाली 😄

चिऊकाकू:
आईंना नमस्कार सांग. "बरं आहे" म्हणजे त्या पिढीत पहिला नंबर.

दुपारची_झोप:
अगदी. माझी सासू पण अशीच. कुकर उतरवला, आता वाचून डोळे पुसतेय.

सांजवात:
चिंध्यावाली, सुंदर लिहिलंस. कातर आईची असेल तर ती कागद कापायला कोणाला देऊ नकोस. आमच्याकडे मुलाने प्रोजेक्टसाठी थर्माकोल कापला आईच्या कातरीने, त्या दिवशी महायुद्ध झालं.

हिशेबनीस:
सगळं छान आहे पण स्वस्त पडतं असं कोणी म्हणू नका. अडीच मीटर चांगलं कॉटन, अस्तर, दोरा, चेन, बटणं, रिक्षा. सेलमध्ये त्याहून कमीत तयार कुर्ता मिळतो. मी मांडून बघितलंय.

रानजाई:
स्वस्त म्हणून कोण करतंय? ब्लाऊजचं मात्र वेगळं आहे हां. अस्तराच्या ब्लाऊजची शिलाई ऐकली की वाटतं साडी परत करावी.

चिऊकाकू:
आणि टेलर "गुरुवारी या" म्हणतो त्याचा हिशेब कोणत्या रकान्यात घालायचा, हिशेबनीस?

हिशेबनीस:
तो मुद्दा मान्य.

सांजवात:
खिसे. खिशांबद्दल कोणीच कसं बोललं नाही? मी परत शिवायला लागले ते फक्त खिशांसाठी. मोबाईल, पास, किल्ली सगळं मावेल असा, बाजूच्या शिवणीत, आणि थोडा खाली. अगदी कमरेला लावला तर मोबाईलच्या वजनाने कुर्ता एका बाजूला ओढला जातो. खिशाचं कापड पातळ पण घट्ट विणीचं घ्या, पॉपलीन चालतं.

गवतीचहा:
+१ खिसे. वाशीला ट्रान्स हार्बरने जाताना पर्स पोटाशी धरून उभं राहणं बंद झालं माझं.

जेकेग्राम:
अवांतर आहे पण. बाबा रेमंडला होते, पोखरण रोड. १९२५ पासूनची जुनी गिरणी, ठाण्याचं काम २००९ ला थांबलं, आता तिथे टॉवर. आमच्या ट्रंकेत त्यांनी ठेवलेलं करड्या रंगाचं पॅन्टपीस होतं. बाबा गेल्यावर ट्रंक उघडवत नव्हती. मी त्याचं जॅकेट शिवलं, बिनबाह्यांचं, अस्तर लावून. लोकरीचं कापड थेट इस्त्रीखाली घालू नका, चकाकी येते. वर ओला करून पिळलेला सुती कपडा ठेवायचा आणि इस्त्री दाबून उचलायची, घासायची नाही. शिवण अशी काही बसते की बस.

ठाण्यात ते जॅकेट घालायचे दिवस येतच नाहीत म्हणा. ऑफिसच्या एसीत घालते.

चिंध्यावाली:
@जेकेग्राम ❤️ फोटो टाका ना.

जेकेग्राम:
मुलगी आली की टाकते, मला येत नाही.

आठवा_मजला:
आमच्याकडे आजीची सिंगर आहे, काळी, सोनेरी नक्षीवाली. ती किती जुनी कसं कळेल? आणि चालेल का अजून?

पक्या_कळवा:
बुडाशी धातूच्या तुकड्यावर नंबर कोरलेला असेल. सिंगरच्या जुन्या नंबरांवरून कारखाना आणि साल लावता येतं, याद्या उपलब्ध आहेत. जुन्यातल्या बऱ्याच स्कॉटलंडच्या क्लाइडबँकच्या, तो कारखाना १९८० ला बंद झाला. चालेल, न चालायला काय झालं? गंजली नसेल तर तेल आणि पट्टा. मशीनचंच तेल घाला. खोबरेल घालून जाम झालेल्या मशीन बाबांनी आयुष्यभर रॉकेलने धुतल्या. चामड्याचा पट्टा पावसाळ्यात सैल होतो, थोडा कापून हूक परत लावायचा. मोटर बसवता येते, पण आधी पायाने चालवून बघा. वेग आपल्या पायात राहतो, गळ्याच्या गोलाईला बरं पडतं.

आठवा_मजला:
धन्यवाद! खालच्या मजल्यावरचे आवाजाची तक्रार करतील का?

चिऊकाकू:
त्यांच्या मुलाची ढोलताशाची प्रॅक्टिस सुरू झाली की तुझं मशीन कोण ऐकतंय.

बेलापूरची_बेबी:
टीशर्टच्या कापडाचं कोणी शिवलंय का? टाके सुटतात मधे मधे.

सांजवात:
बॉलपॉइंट सुई घे. साधी टोकदार सुई होजियरीचे धागे तोडते नाहीतर टाका चुकवते. आणि ताणून शिवू नकोस, कडा लाटा लाटा होतात. झिगझॅग असेल मशीनला तर बारीक झिगझॅग.

दुपारची_झोप:
आता माझं. थोडक्यात लिहिते. कॉटन आणलं की बेतायच्या आधी रात्रभर पाण्यात भिजवा, वाळवा, किंचित दमट असताना इस्त्री करा, मग कापा. कॉटन आटतं. पहिल्या धुण्यानंतर कुर्ता जावेला द्यावा लागत नाही. लाल, निळं, कलमकारी वेगवेगळं भिजवा. कापड पाण्यात पडलं की पन्हा (कापडाची रुंदी) पण खरा कळतो, दुकानदार चव्वेचाळीस म्हणतो आणि...

अरे बेल वाजली. नंतर.

गवतीचहा:
दुपारची झोप परत यायची नाही आज 😂 बरं, मी रविवारी जांभळी नाक्याला जातेय, मॅचिंग सेंटरमध्ये अस्तर घ्यायचंय आणि बॉबिन संपल्यात. कोणी येतंय का?

रानजाई:
मी येते. दहाच्या आत जाऊ, नंतर पाय ठेवायला जागा नसते. कासारवडवली नाक्यावर उभी राहते, बसने जाऊ.

चिऊकाकू:
मला पिवळ्या रुबियाचं ब्लाऊजपीस आणा गं, ऐंशी सेंटीमीटर नको, पूर्ण मीटर. लिंबू पिवळा नाही, हळदी. फोटो व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते.

हिशेबनीस:
भाव लिहून आणा.

पक्या_कळवा:
चौदा नंबरच्या सुयांचं एक पाकीट माझ्यासाठी, ऑर्गनच्या मिळाल्या तर बघा. पैसे जीपे करतो.