प्रतिसाद: रॅबिटएमक्यू असताना कॅमल कशाला?
भाऊ, तुमच्या प्रश्नातच गोची आहे. रॅबिटएमक्यू हा ब्रोकर, म्हणजे मधला दलाल; एका प्रोग्रामने दुसऱ्याला धाडलेले निरोप रांगेत सांभाळतो. अपाची कॅमल म्हणजे जावा या प्रोग्रामिंग भाषेतली लायब्ररी, तयार कोडचा संच. निरोप वाचून कुठे धाडायचा ते ठरवायला. आम्ही दोन्ही वापरतो.

जळगावच्या एका डाळमिलमध्ये वजनकाट्याचा जुना प्रोग्राम दर गाडीमागे एक सीएसव्ही फाइल (स्वल्पविरामांनी रकाने पाडलेली साधी मजकूर फाइल) टाकतो. कॅमल ती उचलून तूर एका रांगेत, हरभरा दुसऱ्या रांगेत लावतो. तिथून पुढे हिशोबाच्या सॉफ्टवेअरकडे. पहिल्या आठवड्यात निव्वळ वजनाचा रकाना अधूनमधून रिकामा यायचा. काटेवाल्याशी भांडून झालं (बिचारा!), मग कळलं, फाइल पूर्ण लिहून व्हायच्या आतच आपण वाचतोय. अर्धवट फाइल वाचली जाऊ नये म्हणून कॅमलमध्ये ‘रीडलॉक’ हा पर्याय आहे, पण तो मुळात बंद असतो. तो ‘चेंज्ड’ केला की फाइल बदलायची थांबेपर्यंत कॅमल धीर धरतो.

आणि दुपारी लाइट जाते, हे गृहीतच धरा. रांग ड्युरेबल (रॅबिटएमक्यू बंद पडून उठला तरी टिकणारी) हवी आणि निरोपही पर्सिस्टंट (डिस्कवर लिहून ठेवलेला) हवा. आम्ही नुसती रांग ड्युरेबल ठेवली होती. रॅबिटएमक्यू परत उठला, रांग जागेवर, आत शुकशुकाट. सगळ्या पावत्या हाताने चढवल्या.