कुष्ठरोगाची एमडीटी (अनेक औषधांचा एकत्र उपचार) चालू असताना चट्टे लाल होऊन सुजले, गोळ्या थांबवायच्या का?

आरोग्यसेविका_विदर्भ
एमबी (जास्त जंतूंच्या प्रकारचा) रुग्ण, वय ३५, एमडीटीचं तिसरं पाकीट चालू आहे. आधीचे फिकट, सपाट चट्टे आठवडाभरात लाल, गरम आणि फुगीर झालेत. नवा चट्टा नाही, ताप नाही. उजव्या कोपराच्या आतल्या बाजूची नस दाबली की करंगळीपर्यंत कळ जाते. घरचे म्हणतात, गोळ्या उष्ण पडल्या, बंद करा. जंतू मरत असताना आजार वाढल्यासारखा का दिसतो? आणि आता काय करायचं?

पेशीजाल
गोळ्या बंद करू देऊ नका. वर्णन टाइप १ रिॲक्शनचं आहे. आजार वाढलेला नाही, शरीराचा प्रतिकार जोरात उठलाय.

कुष्ठाचा जंतू अतिशय संथ. एकाचे दोन व्हायला त्याला १२ ते १४ दिवस लागतात, आणि विष सोडून तो पेशी मारत नाही. तो राहतो त्वचेत आणि मज्जातंतूंवर आवरण घालणाऱ्या श्वान पेशींत. टी पेशींनी (प्रतिकार करणाऱ्या पांढऱ्या पेशींनी) त्याचे अंश ओळखले की त्या इंटरफेरॉन गॅमा हा संदेश देणारा पदार्थ सोडतात, भक्षक पेशी चेततात, टीएनएफ हा दाह वाढवणारा पदार्थ वाढतो आणि त्या जागी सूज येते. त्वचेला फुगायला जागा असते. नसेचं वेष्टन मात्र घट्ट असतं. आत सूज आली की दाब वाढतो, रक्तपुरवठा तुटतो आणि तंतू मरतात. कोपरापाशी नस हाडालगतच्या अरुंद खोबणीतून जाते, म्हणून तिथे धोका जास्त.

मेलेल्या जंतूंचे अंशही हा दाह पेटवतात. म्हणूनच एमडीटी पूर्ण झाल्यावरही रिॲक्शन येऊ शकते. बीटी, बीबी, बीएल या कुष्ठाच्या दोन टोकांच्या मधल्या प्रकारांत प्रतिकार स्थिर नसतो, तिथे ती जास्त दिसते.

स्प्लिंट_आणि_पट्टी
ताई, आजच नसांची तपासणी करा. करंगळी बाहेर फाकवायला सांगून बोटाने विरोध करा. अंगठा, मनगट, पाऊल वर उचलणं, डोळे गच्च मिटणं हेही बघा. मग रुग्णाचे डोळे मिटवून, त्वचेला जेमतेम खळी पडेल इतक्याच जोराने बॉलपेनचं टोक टेकवा आणि जागा बोटाने दाखवायला सांगा. पेन ओढू नका. निकाल जुन्या कार्डाशी ताडून पाहा. करंगळीचा जोर बोटं वाकडी होण्याच्या कितीतरी आधी कमी होतो. तेव्हाच पकडलं तर हात वाचतो.

नस दुखते आहे म्हणजे डॉक्टरांकडे लगेच पाठवा, पुढच्या पाकिटाच्या तारखेची वाट नको. मोठ्यांसाठी प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडचा नेहमीचा क्रम: ४० मिग्रॅ २ आठवडे, मग दर २ आठवड्यांनी ३०, २०, १५, १०, ५. एकूण १२ आठवडे. वजन कमी असेल तर किलोमागे १ मिग्रॅच्या वर नाही. रोजचा डोस सकाळी, खाऊन, एकदम. नसेला सूज असेल तर डॉक्टर २० मिग्रॅचा टप्पा लांबवतात. सुरू करण्याआधी साखर, रक्तदाब, दोन आठवड्यांहून जास्त खोकला, गरोदरपण हे विचारा-तपासा आणि जंताची गोळी द्या. स्टेरॉइडखाली लपलेला क्षय आणि जंत दोन्ही उसळतात.

इथे घोळ होतो तो असा: दहा-पंधरा दिवसांत चट्टे उतरतात, रुग्ण बरा झालो म्हणून गोळ्या सोडतो, आणि नस आतून सुजलेलीच राहते. शिवाय प्रेडनिसोलोन एकदम तोडणं मुळातच धोक्याचं. दर २ आठवड्यांनी तीच तपासणी पुन्हा करा. तोवर हाताला आराम द्या, रात्री कोपर पूर्ण दुमडू नये म्हणून मऊ कापडाची घडी बांधा.

बीएल_एलएल
वेगळं चित्र दिसलं तर गल्लत करू नका. निरोगी दिसणाऱ्या त्वचेवर अचानक दुखऱ्या लाल गाठी, ताप, सांधेदुखी, कधी डोळा लाल किंवा वृषण सुजलेलं, तर ती टाइप २. तिथे जंतूंचे अंश आणि प्रतिपिंडांची संयुगं ठिकठिकाणी साचून दाह होतो, आणि ती पुन्हापुन्हा येते. लाल, दुखऱ्या, उजेड सहन न होणाऱ्या डोळ्याला त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ हवा. थॅलिडोमाइडचा उपयोग होतो, पण गर्भात व्यंग होतं म्हणून गरोदर बाईला कधीच नाही.

गोळी खरोखर थांबवायची वेळ वेगळी आहे: सुरुवातीच्या आठवड्यांत ताप, अंगभर पुरळ, कावीळ, गळ्यात गाठी. ती डॅप्सोनची (एमडीटीतल्या एका औषधाची) ॲलर्जी असू शकते, जिवावर बेतते. डॅप्सोन लगेच बंद आणि रुग्ण थेट रुग्णालयात.

आरोग्यसेविका_विदर्भ
नस दुखत नाही, चट्टाही सुजलेला नाही, फक्त करंगळी बधिर होत चालली असेल तर?

स्प्लिंट_आणि_पट्टी
तरीही रिॲक्शनच समजून पाठवा. न दुखता नस निकामी होते, म्हणून तर दर महिन्याला पाकीट देतानाच तपासायचं. बधिरपणा किंवा लुळेपणा ६ महिन्यांच्या आतला असेल तर स्टेरॉइडने परत येण्याची शक्यता बरी असते. जुना असेल तर औषधाची आशा फार थोडी, तेव्हा व्यायाम, हातापायांची काळजी आणि गरज पडली तर शस्त्रक्रिया.