ओटीपी आणि अख्खी बस
कुणीतरी पोस्ट टाकलीय, ‘आंधळ्याला कसला ओटीपी फ्रॉड, त्याला दिसतच नाही.’ हसलो, पण उलट कारणासाठी. माझे काका पूर्ण अंध. परवा स्वारगेटहून कात्रजला जाताना पीएमपीच्या बसमध्ये त्यांच्या टॉकबॅकने (स्क्रीनवरचं मोठ्याने वाचून दाखवणारी फोनमधली सोय) ओटीपी खणखणीत वाचला. शेजारच्या आजी म्हणतात, “शेवटचा सात म्हणाली का आठ हो?” (पुणेकर शंका मनात ठेवत नाहीत!) तेव्हापासून काकांच्या एका कानात इअरफोन असतो. स्क्रीन मात्र ते पूर्ण काळी ठेवून फोन वापरतात, टॉकबॅकमध्ये तशी सोय आहे. मागून डोकावणाऱ्याच्या हाती भोपळा. आपल्याला जमेल? सायबर फसवणुकीची तक्रार करायचा १९३० नंबरही काकांच्या तोंडपाठ. माझ्याकडे साधा सेव्हसुद्धा नव्हता.