बंद ग्राफिक्स ड्रायव्हरसाठी लिनक्स कर्नलने दार उघडावे का?

सहाण (मूळ मत)

लिनक्स डेस्कटॉपवर म्हणावा तसा का रुजला नाही, या प्रश्नावर कर्नलचा, म्हणजे प्रणालीच्या गाभ्याचा, परवानाच आडवा येतो, असे उत्तर वारंवार दिले जाते. कर्नल जीपीएल या, वाटलेल्या सॉफ्टवेअरचा सोर्स खुला ठेवायला लावणाऱ्या परवान्याच्या दुसऱ्या आवृत्तीखाली आहे, त्यातील अनेक अंतर्गत फंक्शने जीपीएलशी सुसंगत मॉड्यूलांनाच (कर्नलला जोडल्या जाणाऱ्या सुट्या भागांनाच) वापरता येतात आणि अंतर्गत इंटरफेस कोणत्याही नव्या आवृत्तीत बदलू शकतो. त्यामुळे ग्राफिक्स चिपा बनवणाऱ्या एनव्हिडियासारख्या कंपनीला बंद, म्हणजे सोर्स न उघडलेला, ड्रायव्हर चालता ठेवणे जिकिरीचे होते आणि त्याची झळ सामान्य वापरकर्त्याला लागते, असा हा युक्तिवाद आहे.

माझ्या मते ही अडवणूक योग्य होती आणि ती पुढेही राहावी. एएमडीची जीसीएन पिढीची पहिली ग्राफिक्स कार्डे आणि एनव्हिडियाची केप्लर पिढीची कार्डे २०१२ च्या सुमारास बाजारात आली. केप्लरचा बंद ड्रायव्हर ४७० या मालिकेपाशी थांबला आणि २०२४ नंतर कंपनीने त्याकडे पाठ फिरवली. नव्या कर्नलशी त्याची सांगड घालण्याचे काम आता स्वयंसेवकांवर येऊन पडले आहे. जीसीएन कार्डांवर मात्र, ती विकली गेली तेव्हा जन्मालाही न आलेला वल्कन हा ग्राफिक्स इंटरफेस आज मेसा या खुल्या ड्रायव्हरसंग्रहातून चालतो. तो चालवणारा आरएडीव्ही हा ड्रायव्हर २०१६ साली एएमडीबाहेरच्या विकासकांनी सुरू केला. एएमडीने २००७ पासून आपल्या चिपांची तांत्रिक कागदपत्रे खुली करायला घेतली नसती, तर बाहेरच्यांना हे काम फार कठीण गेले असते. ज्याचा सोर्स उघडा आहे त्या कार्डाचे आयुष्य उत्पादकाच्या मर्जीवर अवलंबून राहत नाही, आणि जुना संगणक वर्षानुवर्षे वापरणाऱ्या आपल्यासारख्या देशात या गोष्टीला मोल आहे.

रानवाट

तुमची तुलना मान्य आहे, निष्कर्ष मान्य नाही. या धोरणाची किंमत कोणी मोजली, हे तुम्ही सांगितलेले नाही.

२०१२ च्या ऑक्टोबरमध्ये एनव्हिडियाच्या अभियंत्याने डीएमए-बफ या यंत्रणेवरील जीपीएलची अट शिथिल करावी, अशी विनंती कर्नलच्या विकासकांना केली होती. एका चिपने तयार केलेले चित्र दुसऱ्या चिपकडे सोपवण्यासाठी ही यंत्रणा लागते. कर्नलचे जुने विकासक ॲलन कॉक्स यांनी ठाम नकार दिला. तो त्यांचा अधिकार होता, याबद्दल माझा वाद नाही. परंतु दोन ग्राफिक्स चिपा असलेले लॅपटॉप तेव्हा सर्रास विकले जात होते आणि एनव्हिडियाच्या ड्रायव्हरमध्ये निवडक कामच त्या चिपकडे सोपवण्याची नीट सोय २०१९ मध्ये आली. मधल्या काळात ज्यांनी असा लॅपटॉप घेऊन त्यावर लिनक्स टाकला, त्यांच्या वाट्याला बंबलबीसारखे तात्पुरते उपाय, प्रत्येक कर्नल अद्यतनानंतर मॉड्यूल पुन्हा बांधण्याची धाकधूक आणि सिक्युअर बूटसाठी (स्वाक्षरी असलेलेच सॉफ्टवेअर सुरू होऊ देणाऱ्या सोयीसाठी) स्वतःची किल्ली नोंदवण्याची कटकट आली. त्यांपैकी किती जण विंडोजकडे परतले असतील, याचा विचार करावा.

परवान्याच्या दबावापुढे एनव्हिडिया अखेर नमली, असेही अनेकदा म्हटले जाते; आता त्या समजुतीविषयी. २०२२ च्या मे महिन्यात एनव्हिडियाने कर्नल मॉड्यूलांचा सोर्स एमआयटी आणि जीपीएल अशा दुहेरी परवान्याखाली खुला केला, हे खरे. मात्र तो ट्युरिंग आणि त्यापुढच्या पिढ्यांच्या कार्डांपुरताच आहे, कारण त्या चिपांमध्ये जीएसपी नावाचा वेगळा प्रोसेसर असून पूर्वी ड्रायव्हरमध्ये असलेले बरेचसे काम आता त्याच्या बंद फर्मवेअरमध्ये (चिपच्या आत चालणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) गेले आहे. ओपनजीएल, वल्कन आणि कुडा (चिपवर आकडेमोड चालवण्याची एनव्हिडियाची प्रणाली) यांचे वापरकर्त्याच्या बाजूचे भाग पूर्वीइतकेच बंद आहेत. जे झाकायचे ते दुसरीकडे हलवल्यावर उरलेले उघडे केले, याला परवान्याचा विजय म्हणणे मला पटत नाही.

शिवाय स्थिर इंटरफेस अशक्यही नाही. लिनक्स विकणारी रेड हॅट कंपनी आपल्या एका मुख्य आवृत्तीच्या आयुष्यात ठरावीक फंक्शने स्थिर ठेवते. अँड्रॉइडमध्ये ५.१० या कर्नलपासून गूगलने उत्पादकांच्या मॉड्यूलांसाठी तशीच हमी दिली आहे. डेस्कटॉपवरच्या माणसाने मात्र ती मागितली की त्याला तत्त्व ऐकवले जाते.

सहाण

रानवाट, ही दोन्ही उदाहरणे माझ्या बाजूची आहेत. रेड हॅट ते स्थैर्य स्वतःच्या खर्चाने राखते आणि ग्राहक त्याचे पैसे देतात. कर्नलच्या परवान्याने तिला अडवलेले नाही. गूगलची हमी एकेका दीर्घकालीन शाखेपुरतीच आहे. मुख्य कर्नलने ती कायमची द्यायची ठरवली, तर कालची चुकीची रचना उद्या बदलता येणार नाही, आणि ओझे वाहणारे ते असतील ज्यांना बंद ड्रायव्हरचा सोर्स पाहण्याचीही मुभा नाही.

जीएसपीबद्दलचा तुमचा मुद्दा मात्र वजनदार आहे. तरीही उघडलेल्या भागाचा उपयोग झाला, हे नाकारता येणार नाही. २०१४ च्या मॅक्सवेलच्या दुसऱ्या पिढीच्या कार्डांपासून स्वाक्षरीच्या फर्मवेअरमुळे नूवो या मुक्त ड्रायव्हरला कार्डाचा वेग वाढवता येत नव्हता. पुनर्वितरण करता येणारे जीएसपीचे फर्मवेअर मिळाल्यामुळे ट्युरिंगपासूनच्या कार्डांवर तो अडसर दूर झाला आणि मेसामधील एनव्हीके हा वल्कन ड्रायव्हर त्यावर उभा राहिला. त्यानंतरच्या ब्लॅकवेल पिढीसाठी तर एनव्हिडिया स्वतःच केवळ खुली मॉड्यूले देते.

देवराई

तुम्ही दोघेही असे धरून चालला आहात की डेस्कटॉपवरचा प्रसार ड्रायव्हरच्या परवान्यावर ठरतो. लिनक्सचा अलीकडचा सर्वांत ठळक प्रसार व्हॉल्व्ह कंपनीच्या २०२२ च्या स्टीम डेक या हातात धरायच्या गेमिंग संगणकाने झाला. तो घेणाऱ्याने लिनक्स बसवला नाही. बसवलेलाच विकत घेतला. त्यात एएमडीची चिप आणि मेसा आहे, आणि व्हॉल्व्हने त्या ड्रायव्हरवर काम करणारी माणसे पगार देऊन ठेवली आहेत. केरळच्या सरकारी शाळांमध्ये लिनक्स पोहोचला तोही शासनाने निर्णय घेतला, शिक्षकांना प्रशिक्षण दिले म्हणून. ग्राफिक्स कार्डाचा तिथे संबंधच आला नाही.

सगळा सोर्स खुलाच हवा, या शुद्धतेच्या आग्रहाबद्दलही एक सांगायला हवे. एएमडीच्या कार्डांनाही बंद फर्मवेअर लागतेच. खुल्या सोर्सबाबत काटेकोर असलेल्या डेबियन या लिनक्स प्रकल्पाने २०२२ मध्ये मतदान घेऊन अधिकृत इन्स्टॉलरमध्ये असे फर्मवेअर घालण्यास मान्यता दिली आणि २०२३ च्या १२ व्या आवृत्तीत ते आले. मला तो निर्णय योग्य वाटतो, कारण त्याने कर्नलच्या परवान्याला धक्का लावला नाही आणि नवख्या माणसाला वाय-फाय व पडदा पहिल्याच दिवशी चालू मिळाला.

रानवाट

डेबियनने जे केले तेच मी मागतो आहे. आपल्याकडील अभियांत्रिकीचा विद्यार्थी कुडासाठी एनव्हिडियाचे कार्ड असलेला लॅपटॉप घेतो, कारण त्याचा अभ्यास त्यावर चालतो. त्याला ‘एएमडी का घेतला नाही’ असे विचारणे हे उत्तर नव्हे. मुख्य कर्नलने स्थिर इंटरफेसची हमी द्यावी, हा आग्रह मी सोडतो. परंतु स्वाक्षरी केलेले, तपासलेले मॉड्यूल कर्नलच्या प्रत्येक अद्यतनासोबतच पोहोचवण्याची जबाबदारी डिस्ट्रोंनी (डेबियन, उबुंटूसारख्या लिनक्सच्या तयार आवृत्त्यांनी) घेतली पाहिजे. उबुंटू ते बऱ्याच अंशी करते. बाकीच्यांनी परवान्याकडे बोट दाखवून ते काम वापरकर्त्यावर ढकलू नये.

सहाण

यावर माझा आक्षेप नाही, एका अटीवर: ते मॉड्यूल खुल्या सोर्सवरून बांधलेले असावे, म्हणजे कंपनीने उद्या हात काढून घेतला तरी ते पुन्हा बांधता येईल. ट्युरिंगच्या आधीच्या कार्डांना ही सोय लागू होत नाही, आणि ती कार्डे अजून हजारो यंत्रांत आहेत. त्यांच्यासाठी एनव्हिडियाने कागदपत्रे आणि वेग बदलता येईल असे फर्मवेअर द्यावे, ही मागणी तुम्ही-आम्ही मिळून करायला हवी.