मदत हवी आहे: क्लिनिकमध्ये केस सांगते, पण शिकायला काहीच मिळत नाही (फॅमिली मेडिसिन रेसिडेन्सी, म्हणजे फॅमिली डॉक्टर होण्याचं प्रशिक्षण)

पहाटवेळ
लवकर सांगा, सोमवारी परत क्लिनिक आहे. पेशंट तपासून शिकवणाऱ्या सरांकडे केस सांगायला गेले की ते मला अर्ध्यावर तोडतात, "ठीक आहे, हे औषध दे, पुढचा बघ." मूल्यमापनाच्या फॉर्मवर दर वेळी एकच शेरा: 'वाचन वाढवा.' रोज रात्री वाचतेच आहे! अजून काय वाचू?

रानवारा
कितवं वर्ष? आणि क्लिनिक म्हणजे तुमचे स्वतःचे, पुन्हा पुन्हा येणारे पेशंट, की कुठल्या विभागाचं पोस्टिंग?

डॉ_निवांत
वर्ष कुठलंही असो, 'स्नॅप्स' वापरा. २००३ पासूनची पद्धत आहे. केस थोडक्यात सांगायची, दोन-तीन शक्यताच ठेवायच्या, त्या एकमेकींशी ताडून बघायच्या, जे अडलंय ते सरांना विचारायचं, उपचार आपणच सुचवायचे आणि त्या केसमधला एकच मुद्दा घरी वाचायचा. माझं तरी यानेच निभावलं.

निरभ्र
सगळा भार शिकणाऱ्यावरच का? शिकवणाऱ्यांसाठी 'वन मिनिट प्रिसेप्टर' १९९२ पासून आहे, तीही फॅमिली मेडिसिनवाल्यांनीच मांडलेली. आधी रेसिडेंटला मत सांगायला लावायचं, कारण विचारायचं, एक नियम शिकवायचा, बरोबर काय ते सांगायचं, चूक सुधारायची. सरांना वाचायला द्या.

डॉ_निवांत
कसं शिकवावं हे रेसिडेंटने सरांना सांगायचं? तुम्ही सांगून बघितलंय का कधी?

निरभ्र
हो, सांगितलंय. फॉर्म भरताना विचारलं, "आजच्या केसमधली माझी एक चूक सांगाल का?" सांगितली त्यांनी.

शांतछाया
माझ्या मते बालिंट गट हवा, म्हणजे पेशंटबद्दल बोलायला डॉक्टरांचा चर्चागट. १९५०च्या दशकात लंडनमध्ये मनोविश्लेषक मायकेल बालिंट यांनी जीपींना (तिथल्या फॅमिली डॉक्टरांना) घेऊन सुरू केला. नकोसा वाटणारा पेशंट नकोसा का वाटतो, हे तिथे मोकळेपणाने बोलता येतं. मला त्याने फार आधार दिला.

दूरदेशी
कॅनडात ही रेसिडेन्सी दोनच वर्षांची आहे, अमेरिकेत तीन. विचार करा.

पहाटवेळ
अहो, मी कुठेही जात नाहीये! दुसरं वर्ष, पेशंट माझेच. कालचंच सांगते. ६४ वर्षांच्या बाई: मधुमेह, गुडघेदुखी, चक्कर, झोप नाही. मी सगळी हिस्ट्री क्रमाने सांगितली आणि निदानापाशी थांबले. चुकायला नको म्हणून थांबतेच मी.

रानवारा
मग अडलंय तिथेच. तुम्ही थांबता, म्हणून पुढचं सर बोलून टाकतात. तुमचा विचार त्यांना दिसतच नाही, मग शेरा तरी कशावर लिहिणार? पहिलंच वाक्य असं म्हणा: "मला हे वाटतंय, या कारणाने, आणि इथे अडलंय." चुकलात तर चुकू दे, सर शेजारी आहेत तोवरच चुकून घ्यायचं. हिस्ट्री नंतर, विचारतील तेवढीच.

पहाटवेळ
पण चार तक्रारी असल्या तर पहिलं वाक्य कोणत्या तक्रारीचं?

रानवारा
आज सगळ्यात जास्त त्रास कशाचा होतोय, हे बाईंना विचारलंत?

पहाटवेळ
नाही. झोपेचं त्या दोनदा म्हणाल्या, मी ते शेवटी ठेवलं आणि सरांपर्यंत पोचलंच नाही. त्या आता पंधरा दिवसांनी येणार. तोवर फोन करून विचारलं तर चालेल ना?